बंदर गेले, विहिरी राहिल्या

चौलच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण-खटावच्या वाट्याला जेवढा येतो त्याच्या जवळपास चौपट. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे आठ महिने चौल हा कोरडा मुलूख असतो. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला कुंडलिकेची खाडी, आणि गावातून वाहणारी गोड्या पाण्याची बारमाही नदी एकही नाही. दुष्काळाचा नकाशा आपण वर्षाच्या सरासरीवर रंगवतो, त्यामुळे रायगडचा किनारा त्यात कधी येत नाही. माणसाला पाणी मात्र सरासरीने लागत नाही, रोज लागते. म्हणून कोरड्या प्रदेशातल्या वस्तीचा प्रश्न सांगोल्या-आटपाडीच्या आधी चौलला विचारून पाहावा असे मला वाटते. कारण या गावाने आठ महिन्यांच्या कोरडेपणात दोन हजार वर्षे काढली आहेत, आणि ती कशी काढली हे आपण विसरत चाललो आहोत.

चौलची थोरवी सांगताना आपण नेहमी बंदराची सांगतो. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांत चेमुल आहे. टॉलेमीच्या भूगोलात सिमुल्ला आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी इथे आला तेव्हा त्याला सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून येऊन राहिलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची भलीमोठी वस्ती दिसली. पंधराव्या शतकात होर्मुझहून घोडा घेऊन निघालेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याच किनाऱ्याला लागला. पुढे वरचे चौल निजामशाहीकडे आणि खालचे, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगीजांकडे, अशी दोन शहरे हाकेच्या अंतरावर नांदली आणि भांडली. १७३९ मध्ये वसई पडली, १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, मुंबईचे बंदर वाढत गेले, खाडी गाळाने भरत आली. व्यापार आटला आणि बंदराचे वैभव संपले. इथवर इतिहासाची पुस्तके सांगतात आणि पान उलटतात. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. बंदर गेले तरी गाव उठले नाही. गलबतांची ये-जा थांबल्यावरही माणसे तिथेच राहिली, नारळ-सुपारीच्या वाड्या करत राहिली, आणि आजही चौल हे भरल्या घरांचे गाव आहे. व्यापाराने मोठे झालेले शहर व्यापार गेल्यावर टिकते कशावर, याचे उत्तर तटबंदीत सापडत नाही. ते वाडीच्या विहिरीत सापडते.

हे पटायला होर्मुझकडे पाहावे. चौलचे हे जुने गिऱ्हाईक इराणच्या आखाताच्या तोंडावरचे एक बेट, मिठाच्या डोंगराचे, जवळपास निर्जळ. पिण्याचे पाणी शेजारच्या केश्म बेटावरून आणि मुख्य भूमीवरून होड्यांतून यायचे. तरीही ते शहर त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत बंदरांत गणले जाई, कारण पाणी विकत आणण्याइतका पैसा व्यापारातून येत होता. म्हणजे पाणी नसेल तर शहर वसतच नाही, हे म्हणणे खोटे आहे. पैसा असेल तर मिठाच्या डोंगरावरही शहर वसते. पण त्या शहराचा गळा नेहमी दुसऱ्याच्या हातात असतो. १६२१ मध्ये पोर्तुगीजांनी केश्मवर किल्ला बांधला तो तिथल्या विहिरी हातात राहाव्यात म्हणून. पुढच्या वर्षी शाह अब्बासच्या फौजेने इंग्रज जहाजांच्या मदतीने आधी केश्म घेतले आणि मग होर्मुझ. व्यापार समोरच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला गेला आणि होर्मुझचे शहर बसले ते पुन्हा उभे राहिले नाही. तिथे मागे राहण्यासारखे काही नव्हतेच. चौल आणि होर्मुझ ही एकाच व्यापाराची दोन टोके होती. दोघांचा व्यापार गेला. एक गाव म्हणून उरले, दुसरे अवशेष म्हणून. फरक अनेक होते, हे मान्य. पण व्यापार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसाला प्यायला आणि पिकवायला काय उरते, हा त्यातला सर्वांत मोठा फरक होता.

चौलचे पाणी उरते कसे, तेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही अष्टागरातली गावे किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यावर आणि त्यामागच्या गाळाच्या जमिनीवर वसलेली आहेत. पावसाचे पाणी या वाळूत झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, एवढेच त्यामागचे कारण. किती तरंगते याचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन या डच अभियंत्याने आणि विसाव्याच्या सुरुवातीला हर्झबर्ग या जर्मनाने स्वतंत्रपणे मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. ऐकायला हे मोठे सुख वाटते, पण त्याची उलटी बाजू भयंकर आहे. उपशाने वरची पातळी एक मीटरने उतरली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी हळूहळू त्याच प्रमाणात वर सरकू लागते. प्रत्यक्षात जमिनीचे थर सारखे नसतात, काळा पाषाण मध्ये येतो, त्यामुळे हिशेब इतका नेमका उतरत नाही. दिशा मात्र तीच राहते. आणि खारे पाणी किती आले की बिघडते? शंभर लिटर गोड्या पाण्यात समुद्राचे दीड लिटर मिसळले, तरी लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराइड ही पिण्याच्या पाण्याची आपल्या मानकातली इष्ट मर्यादा ओलांडली जाते. विहीर मचूळ होते ती अशी, दीड टक्क्याने. नारळ ते थोडेफार सोसतो, सुपारीला ते सोसत नाही आणि पानवेल तर त्याहून नाजूक.

या नाजूक साठ्यावर शतकानुशतके राहाट चालला. लाकडी चाकावर फिरणारी गाडग्यांची माळ, जुंपलेला बैल किंवा रेडा, वर आलेले पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून सुपारीच्या आळ्यांत. सकाळी शिंपण सुरू व्हायचे, विहिरीचा तळ दिसू लागला की थांबायचे, आणि रात्रीत झरे पुन्हा विहीर भरायचे. यात पूर्वजांची दूरदृष्टी शोधायचा मोह आवरावा. बैलाची ताकदच तेवढी होती. त्याच्याकडून दिवसभरात निघणारे पाणी आणि वाळूतून रात्रीत येणारे पाणी यांचा मेळ आपोआप बसत होता. उपशाला मर्यादा घालणारा कायदा नव्हता, पंचायत नव्हती. मर्यादा जनावराच्या खांद्यावर होती. विजेच्या पंपाने ती काढून घेतली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही मर्यादा आपण ठेवली नाही. आजच्या संकटाचा उगम मी इथे धरतो. पंप आल्याचे मला दुःख नाही, रेड्याला विश्रांती मिळाली हे चांगलेच झाले. पण यंत्राने जे नकळत होत होते ते थांबवले, तर ते जाणीवपूर्वक करावे लागते, आणि ते कुणी केले नाही.

दुसरी व्यवस्था तळ्यांची. चौलमध्ये वर्षाच्या दिवसांइतकी देवळे आणि तितकीच तळी होती अशी दंतकथा आहे. आकडा दंतकथेचाच असणार, पण आजही गावात फिरताना देवळापुढे पोखरण, वाडीच्या कडेला तळे, हे इतक्यांदा भेटते की दंतकथा कशावरून सुचली हे कळते. रामेश्वराच्या देवळापुढे मोठी बांधीव पुष्करणी आहे आणि देवळाच्या आत अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे दडलेली आहेत. त्यातले पर्जन्यकुंड पावसाने फारच ओढ दिली तर उघडायचे, अशी प्रथा. कुंड उघडल्याने पाऊस येतो की नाही, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग. मला त्यात वेगळेच काही दिसते. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या गावाने अवर्षणाची तरतूद देवळाच्या गाभ्याजवळ करून ठेवली, म्हणजे पाऊस हमखास नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि पुष्करणी शोभेची नव्हती. पावसाळ्यात धावत समुद्राकडे जाणारे पाणी ती अडवायची आणि आजूबाजूच्या विहिरींना हळूहळू द्यायची.

मग नळ आला. रामराजजवळचे उमटे धरण बांधले गेले आणि अलिबाग तालुक्यातल्या अनेक गावांबरोबर चौल-रेवदंड्यालाही त्याचे पाणी मिळू लागले. हा मोठा दिलासा होता. पण धरणात गाळ साठत गेला, पावसाळ्यात गढूळ पाणी आणि उन्हाळ्यात आड-दिवसाचे पाणी या तक्रारी नेहमीच्या झाल्या. तालुक्याच्या पाण्यासाठी सांबरकुंड धरणाला १९८२ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली, चार दशके उलटली, अजून लोक वाट पाहत आहेत. त्याच चार दशकांत किनारा बदलला. मुंबईकरांना अलिबाग जवळ आले, २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाल्यावर गाडीसकट जवळ आले. वाड्यांच्या जागी बंगले, बंगल्यांच्या मागे पोहण्याचे तलाव, शनिवार-रविवारची गर्दी. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने सुपारीची झाडे आडवी केली, आणि नवी सुपारी लावून धरेपर्यंत सहा-सात वर्षे थांबण्यापेक्षा जमीन विकणे सोपे, हा हिशेब पुष्कळांच्या मनात आला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. नवी घरे नळाच्या भरवशावर मंजूर होतात, नळाला पाणी कमी पडले की कूपनलिका खणतात, आणि कूपनलिका वाळूच्या थराखालून, म्हणजे नेमकी खाऱ्या पाण्याच्या तोंडाशी, ओढू लागते. बिघाड तिच्या मालकाला शेवटी कळतो. आधी कळतो तो शेजारच्या वाडीवाल्याला, त्याच्या विहिरीतून.

पर्यटन हे चौलचे नवे बंदर आहे. पैसा आणते, बाहेरची माणसे आणते, आणि बंदरासारखेच कधीतरी दुसरीकडे जाऊ शकते. उद्या रेवस-रेड्डी सागरी महामार्ग पुरा झाला की मुंबईकराला दिवेआगर आणि गुहागरही तितकेच सोपे होईल. तेव्हा चौलकडे काय उरेल? पहिले बंदर गेले तेव्हा विहिरी गोड होत्या, म्हणून गाव उरले. दुसरे बंदर जाताना विहिरीच घेऊन गेले, तर चौलचे होर्मुझ व्हायला शत्रूच्या आरमाराची गरज पडणार नाही. पाण्याचा प्रश्न पर्यटकांच्या गैरसोयीचा म्हणून मांडला जातो, त्यामुळे त्याचे उत्तरही टँकर हेच सुचते. तो खरे तर गावाच्या मुदलाचा प्रश्न आहे.

असे नुकसान भरून काढता येते का? येते, पण ते महाग पडते. अ‍ॅमस्टरडॅमने १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांखालचे पाणी पिण्यासाठी घेतले. जमिनीची रचना थोडीफार आपल्या किनाऱ्यासारखीच, वाळू आणि तिच्यात तरंगणारे गोडे पाणी. शहर वाढले, उपसा वाढला, खालून खारे पाणी वर येऊ लागले. अखेर १९५७ पासून ऱ्हाइन नदीचे पाणी नळांतून आणून, गाळून, त्या वाळूत पुन्हा मुरवायला त्यांनी सुरुवात केली, आणि ते अजून चालू आहे. ज्या देशातल्या अभियंत्याने एकास चाळीसचा नियम सांगितला, त्याच देशाच्या राजधानीला तो असा अनुभवाने शिकावा लागला. त्यांच्याकडे ऱ्हाइन होती आणि पैसाही होता. चौलला निसर्ग तेच काम दर पावसाळ्यात फुकट करून देतो, फक्त पाणी मुरायला जागा उघडी हवी. बंगल्याभोवती फरसबंदी आणि कुंपणाला काँक्रीटचा पाया घातला की ती जागा बंद होते.

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप याच जिल्ह्यातून येतो. गावाच्या तळ्या-विहिरींचे गोडवे गाताना ते पाणी कुणाचे होते, हे विसरता येत नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, तेव्हा महाड कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातच होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले होते, तरी ओंजळीनंतर दगड पडले आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडले. नळाने अस्पृश्याला सवर्णाच्या विहिरीपासून मोकळे केले, बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवला. हे ज्यांना मिळाले त्यांना पुन्हा पोखरणीचा महिमा सांगणे उद्धटपणाचे होईल. शिवाय नारूसारखा रोग पाण्यात उतरून भरायच्या तळ्या-बारवांतूनच पसरत होता, त्याचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि त्यामागे स्वच्छ, झाकलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. तेव्हा नळ काढा आणि तळ्यावर जा, असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहीन. नळ प्रत्येक घरात राहिलाच पाहिजे. पण नळ आल्यावर तळे हे कुणाचेच उरले नाही, त्यात कचरा आणि भराव पडू लागला, आणि भूजल ज्याच्या पंपात जोर त्याचे झाले. जातीची मालकी गेली आणि अश्वशक्तीची आली. चवदार तळ्याचा धडा घ्यायचाच तर तो असा की पाणी सार्वजनिक आहे हे कायद्याने सांगून भागत नाही, ते रोजच्या व्यवहारात सार्वजनिक ठेवावे लागते.

दुसरा आक्षेप बंगलेवाल्यांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, आमचा पोहण्याचा तलाव सगळ्यांना दिसतो, पण सुपारीची वाडी सहा-सात महिने शिंपावी लागते, तिला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागते. खरे आहे. एकरभर वाडीचा उपसा एखाद्या बंगल्याहून नक्कीच मोठा असतो. फरक पाण्याच्या पुढच्या प्रवासात आहे. आळ्यात सोडलेल्या पाण्यातले बरेचसे त्याच वाळूतून पुन्हा खाली जाते, वाडीची जमीन उघडी असते आणि पावसाळ्यात ती पाणी मुरवते. बंगल्याचे पाणीही मुरते, पण ते संडासाच्या टाकीतून मुरते, आणि वाळूच्या उथळ साठ्यात विहीर आणि शोषखड्डा शेजारी असले की काय होते हे सांगायला नको. तरीही वाडीवाल्याला यातून पूर्ण सूट मिळत नाही. पंप चालू करून पाट भरभरून सोडण्याची सवय राहाटाच्या काळात नव्हती. ठिबक घालणे हे आता वाडीवाल्याच्याच हिताचे आहे, कारण मचूळ पाण्याचा पहिला फटका त्याच्या सुपारीला बसतो.

तिसरा आक्षेप सरकारी आणि सर्वपक्षीय: धरण पुरे करा, मोठी योजना आणा, प्रश्न मिटेल. धरण पुरे व्हावे, त्याबद्दल वाद नाही. पण बाहेरून येणाऱ्या पाण्याची गंमत चौलच्या दारातच वाहते आहे. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते ती मुळशी धरणाच्या पाण्यावर. मुळा नदीचे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेला जायचे पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून १९२७ पासून घाटाखाली उतरते. सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो याच धरणासाठी गावे बुडू नयेत म्हणून. वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेतून डोलवहाळचा बंधारा, कालवे, रोह्याचे कारखाने असे करत येते आणि उरलेले रेवदंड्याच्या खाडीत खारे होते. आता घाटावरची गावे विचारू लागली आहेत की आमच्या कोरड्या खोऱ्याचे पाणी कोकणात का सोडता, आणि तो प्रश्न न्याय्य आहे. उद्या ते वळवले गेले तर कुंडलिकेवर विसंबलेल्या योजनांचे काय? लांबून येणाऱ्या पाण्यावर नेहमी आणखी कुणाचा तरी हक्क असतो. केश्मच्या विहिरींवरून होर्मुझला कळले ते हेच. बाहेरचे पाणी जरूर घ्यावे, पण गावाचा स्वतःचा साठा बिघडू देऊन घेऊ नये.

आता आकड्यांकडे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर चौलमध्ये वर्षाला दोन लाख लिटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या दर माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने पाच जणांच्या घराला कोरड्या आठ महिन्यांत सुमारे ६६ हजार लिटर लागते. म्हणजे छपरावर गरजेच्या तिप्पट पडते. पण ६६ हजार लिटरची टाकी साध्या घराला परवडत नाही, म्हणून हे गणित सांगून टाळ्या घेणाऱ्यांपासून सावध राहावे. परवडते ते एवढे: पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते माणशी दहा लिटर धरले तर बारा हजार लिटरची टाकी पुरते, आणि उरलेले छपराचे पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. चाळीस मीटर लांब-रुंद तळ्यातला मीटरभर गाळ काढला तर १६ लाख लिटरची जागा होते. साठा म्हणून पाहिले तर ते जेमतेम चोवीस घरांचे पाणी. पण पावसाळ्यात तळे एकदाच भरत नाही. ते भरते, झिरपते आणि पुन्हा भरते, आणि त्याचे खरे काम आसपासच्या विहिरी गोड ठेवण्याचे आहे. गाळ काढायचे काम रोजगार हमीवर होऊ शकते. बंगल्यांना मात्र सवलत नको. ज्याला पोहण्याचा तलाव परवडतो त्याला ६६ हजार लिटरची टाकीही परवडते, आणि ती बांधल्याशिवाय त्याला वापर परवाना मिळू नये.

कायदे नव्याने करावे लागतील असेही नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली होती, फक्त स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराचा अपवाद करून. दोनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात दुसरा स्रोत नसेल तरच, साध्या विहिरीतून, हाताने पाणी काढायची मुभा होती. हाताने! दिल्लीच्या एखाद्या कचेरीत बसलेल्या माणसाला राहाटाचे मर्म कळले होते असे म्हणावे लागेल. नंतर २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा, २०१४ पासून लागू. नियमांची वाण नाही, विहिरीत डोकावून पातळी लिहिणाऱ्या माणसाची आहे. हिवरेबाजारला पाऊस चौलच्या पाचव्या हिश्शाइतका. तिथे पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजून, किती पाणी आहे त्यावर पिके ठरतात, आणि शेतीसाठी कूपनलिका खणायला बंदी आहे. चाळीस-पन्नास विहिरींची पातळी आणि खारटपणा मोजायला एक दोरी, एक क्षारता मोजायचे साधन आणि बारावी शिकलेली दोन मुले पुरतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा तक्ता वाचून दाखवायचा, पातळी खाली असेल तर त्या वर्षी नव्या कूपनलिकेला आणि नव्या तलावाला ना हरकत दाखला द्यायचा नाही. यावर तालुक्यातून एकच हरकत येईल, की ग्रामपंचायतीला एवढे अधिकार नाहीत आणि बांधकामाची परवानगी वरून येते. हरकत बरोबर आहे. म्हणून ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करायला हवी: अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातल्या प्रत्येक बांधकाम परवानगीच्या फाइलीत गावच्या विहिरींचा त्या वर्षीचा तक्ता जोडलेला असावा, आणि तो जोडलेला नसेल तर फाइल पुढे सरकू नये.